अण्णा, तुम्ही परांचीवरून पडला नाहीत

तीर्थरूप अण्णा,

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्यावर तीन निबंध लिहिले. तिन्ही कॉलेजच्या अर्जांसाठी. पहिल्यात तुम्ही अर्धेच आलात. दुसऱ्यात मी खोटं लिहिलं. तिसरा खरा होता, पण तोही माझा नंबर लागावा म्हणूनच लिहिलेला. वाचले ते सगळे दुसऱ्यांनीच. काल नाशिकच्या कॉलेजात नाव नोंदवून आले. सोमवारी राहायला जायचंय. जाण्याआधी एकदा तुम्हालाच लिहावं म्हटलं. याला शब्दांची मर्यादा नाही आणि वाचून कुणी मार्क देणार नाही.

'वडिलांना पत्र लिहा' हा प्रश्न शाळेत दरवर्षी यायचा. दरवर्षी मी तुमच्याकडे सहलीला जायची परवानगी मागायचे. तुम्ही मला खरं तर कधी नाही म्हणालाच नाहीत, आणि त्या पत्रांत मी किती विनवण्या करायचे!

आधी त्या सकाळचं सांगते. तुम्हाला ते कळलं की नाही, मला माहीत नाही.

संक्रांत होऊन गेली होती. तुम्ही अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होतात, कामावर जायचे कपडे घालून. आई डेअरीवर दूध घालायला गेली होती. मी ओट्यावर बसून प्रवेश परीक्षेच्या सरावाचं चित्र काढत होते, बादली आणि तांब्या. तुम्ही म्हणालात, "चा गार झाला गं." मी मान वर न करता म्हटलं, देते गरम करून, एवढी सावली टाकते.

सावली टाकायला मला दहा मिनिटं लागली. बादलीची कड जमत नव्हती. उठले तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते. कप मांडीवर सरळ होता, थेंबही सांडला नव्हता. मला वाटलं, डोळा लागला. तुमच्या हातातून कप काढून घेतला, आत जाऊन चहा गरम केला आणि बाहेर आणला.

डॉक्टर म्हणाले, तेव्हाच कळलं असतं तरी उपयोग नव्हता. हे खरं असेल का? की सगळ्यांनाच असं सांगतात?

मला रडू आलं नाही, अण्णा. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, आजपर्यंत नाही. घर माणसांनी भरलं तेव्हा मी मोरीत बसून चहाचं पातेलं घासत होते. बायका म्हणायच्या, पोरीला रडवा, नाहीतर आत साचून राहील. मावशीनं तुमचा बुशशर्ट माझ्या हातात दिला, त्यानं तरी बांध फुटेल म्हणून. मी त्याची घडी घातली आणि कपाटात ठेवला. मावशी माझ्याकडे बघतच राहिली. मला काहीतरी व्हायला हवं होतं हे कळत होतं. होत मात्र काही नव्हतं. पाय बधिर झाला की आपण त्याला चिमटा काढून बघतो, तसं मी स्वतःला सारखी बघत होते.

एक मात्र राग आहे. दोन दिवस आधीपासून तुमच्या छातीत दुखत होतं. गॅस झालाय म्हणून तुम्ही मेडिकलमधून गोळ्या आणल्या. हे तुमच्यासोबत कामावर असणाऱ्या शेषराव काकांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. आम्हाला का नाही सांगितलंत? मी परीक्षेचा अभ्यास सोडीन म्हणून? की सांगितलं तर दवाखान्यात जावं लागेल आणि स्लॅबचं काम मागे पडेल म्हणून? आता कुणाला विचारू?

मार्चमध्ये अर्ज सुरू झाले. तुम्हाला आठवतं ना, दुसऱ्या राज्यातलं ते मोठं कॉलेज, ज्याचे फोटो मी तुम्हाला मोबाईलवर दाखवले होते? तिथे नुसत्या मार्कांवर घेत नाहीत. दोन निबंध मागतात आणि मग मुलाखत. पहिला, तुम्हाला आर्किटेक्ट का व्हायचंय. दुसरा, तुम्हाला बदलून टाकणारा एक प्रसंग. मी आधी मराठीत लिहायचे, मग डिक्शनरी घेऊन इंग्रजीत करायचे.

पहिल्यात मी रविवारचं लिहिलं. तुम्ही मला कामावर न्यायचात, पाण्याच्या नळीचं एक टोक माझ्या हातात द्यायचात आणि दुसरं टोक भिंतीच्या त्या कोपऱ्यात धरून म्हणायचात, हलू नको, पानी थांबू दे. दोन्हीकडचं पाणी थांबलं की दोन्हीकडची लेव्हल एक. काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत खणायचा, हे मला सहावीतच माहीत होतं. ते सगळं लिहिलं. श्रीरामपूरच्या क्लासचे सर वाचून म्हणाले, ठीक आहे, पण असं बरेच जण लिहितात. दुसऱ्याचं काय?

दुसऱ्याचं मला काही सुचत नव्हतं. मग मी सांगितलं की जानेवारीत माझे वडील वारले.

सर खुर्चीत पुढे सरकले. हे आधी का नाही सांगितलंस, म्हणाले. माणूस वाईट नाही, अण्णा. त्यांनी मला पाणी दिलं, आईची चौकशी केली. मग विचारलं, कसे गेले? गवंडी होते ना, कामावर? मी म्हटलं, नाही, घरी, चहा पिताना. सरांनी पहिल्या निबंधाचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "कामावर असते तर निबंध वेगळाच झाला असता."

एवढंच म्हणाले. खोटं लिही असं ते म्हणाले नाहीत. ते माझं मीच केलं.

मी लिहिलं की तुम्ही एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर काम करत होतात. बांबू-फळ्यांच्या परांचीची एक दोरी सुटली, फळी सरकली आणि तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर खाली आलात. त्या दिवशी मी ठरवलं की माणसांचा जीव जाणार नाही अशा इमारती बांधायच्या. कसं लिहू, असा प्रश्नच पडला नाही. खरं लिहायला बसले की दोन ओळींपुढे जात नव्हते, आणि खोटं एका दुपारी पूर्ण झालं. दोरी कुठल्या गाठीला सुटली, तेसुद्धा लिहिलं.

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. क्लासमधली एक मुलगी वाचता वाचता रडली. मी समोर बसून एका वाक्यातला स्वल्पविराम दुरुस्त करत होते. मनात एवढंच आलं, ही रडतेय, मग मी का नाही?

एप्रिलमध्ये मुलाखतीचं बोलावणं आलं. क्लासला आनंद झाला. त्यांनी निबंधाचं मराठी करून माझ्या फोटोसकट क्लासच्या फेसबुक पानावर टाकलं. मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. ते फिरत फिरत आपल्या पुणतांबा गावच्या ग्रुपवर आलं.

कुणाकडून तरी ऐकून शेषराव काका दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. तुमच्या शेजारी उभं राहून पंचवीस वर्षं भिंती चढवलेला माणूस. दहाव्याला सगळ्यांत जास्त तेच रडले होते. आईनं चहा ठेवला तर नको म्हणाले. ओट्यावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरी, ते तू लिवलंस का?"

मी हो म्हटलं.

"भानुदास पडला, आसं?"

"हो."

"मंग ती परांची कुनी बांधली हुती, त्ये बी लिवायचं ना." काका माझ्याकडे बघत नव्हते. अंगणाकडे बघून बोलत होते. "तुजा बाप दुसऱ्यानं बांधलेल्या परांचीवर कदी चढला न्हाई. आन् त्यानं बांधलेली कदी सुटली न्हाई. रोज सकाळी आदी सोता हलवून बघायचा, मंग आमाला चढू द्यायचा. आमी हसायचो त्याला. पंचवीस वर्सात त्याच्या कामावर मानूस पडला न्हाई. आता लोकं म्हनत्यात, बांधली आसंल ढिली."

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, टोपी घातली आणि गेले.

आई दारात उभी होती. ग्रुपवरचं तिनं वाचलं नव्हतं, तिला तेव्हाच कळलं.  ती गव्हाची पाटी घेऊन खाली बसली, निवडायला लागली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "मंग त्या दिशी खुर्चीत कोन हुतं?"



मला वाटलं होतं, खोट्यानं कुणाचं काय जातंय. तुम्ही तर गेलेले. मरण कसं का येईना, वाचणाऱ्याला काय फरक पडतो? मला हे सुचलंच नाही की तुमच्यामागे तुमचं काम राहिलंय. अर्ध्या गावाची घरं तुम्ही बांधलीत. त्या घरांत राहणाऱ्या माणसांना मी सांगितलं की भानुदास गवंड्याला गाठ मारता येत नव्हती.

तरीही मी मुलाखतीला गेले. अर्ज परत कसा घ्यायचा ते माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घ्यायचाही नव्हता. मला ते कॉलेज हवं होतं. आई सोबत आली. रात्रभराचा गाडीचा प्रवास होता. कॉलेजच्या सगळ्या भिंती उघड्या विटांच्या. आई झाडाखाली बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, आणि म्हणाली, "एवडं मोटं कालेज, आन् गिलावा राह्यलाय." मी म्हटलं, मुद्दामच ठेवलाय तसा. ती उठून भिंतीजवळ गेली, विटांच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, काम चांगलं आहे, तुझ्या बापाला आवडलं असतं. तुम्ही गेल्यावर तिनं माझ्याशी तुमच्याबद्दल नीटसं बोललेलं हे पहिलंच वाक्य.

आत दोघं होते, एक सर आणि एक मॅडम. मॅडम साठीच्या असतील. माझा निबंध त्यांच्या समोर होता. त्यांनी आधी माझी चित्रं बघितली. बादली-तांब्याचं बघताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ही सावली छान आहे. मग हिंदीत विचारलं, ती परांची कशी बांधली होती, आठवतं का?

चांगल्या मनानं विचारलं असेल. मला तांत्रिक काही कळतं का, हे बघायचं असेल. उत्तर माझ्याकडे तयार होतं. सरांनी क्लासमध्ये सराव करून घेतला होता.

मी म्हटलं, "मॅडम, ते पडले नाहीत."

 मी सांगितलं की माझे वडील घरी खुर्चीत गेले. त्यांनी बांधलेली परांची कधी सुटली नाही. निबंधातलं ते सगळं मी बनवलंय. मुलाखत घेणाऱ्या सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मॅडमनी विचारलं, मग असं का लिहिलंस?

"खरं लिहायला जमत नव्हतं," मी म्हटलं. "ते गेले तेव्हा मी चित्र काढत होते. ह्याचा निबंध कसा होईल?"

 मॅडमनी चित्रांचा गठ्ठा नीट जुळवून माझ्याकडे परत दिला आणि म्हणाल्या, तू सांगितलंस ते बरं केलंस, पण आम्हाला हे लक्षात घ्यावं लागेल. मी थँक यू म्हणून बाहेर आले. आईला सांगितलं. तिनं पिशवीतून दशमी काढली, अर्धी मला दिली. आम्ही खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात नकाराचा मेल आला. त्यांचं बरोबरच होतं.

मला वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं. दोन वर्षं त्या कॉलेजचे फोटो माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर होते. मी मेल वाचला, मोबाईल चार्जिंगला लावला आणि आईला पाणी भरू लागले.

पण त्या दिवशी एक काम केलं. क्लासच्या सरांना फोन करून निबंध पानावरून काढायला सांगितला. ते नाराज झाले, पण काढला. मग गावच्या ग्रुपवर लिहिलं, "मी भानुदास गवंडी यांची मुलगी प्रतीक्षा. माझ्या निबंधात अण्णा परांचीवरून पडले असं लिहिलं होतं. ते खोटं आहे. ते घरी वारले. त्यांनी बांधलेली परांची कधी सुटली नाही." कुणी अंगठा टाकला, कुणी हात जोडले. खाली लगेच कुणीतरी कांद्याचे भाव टाकले. शेषराव काकांना मी घरी जाऊन वाचून दाखवलं, कारण त्यांच्याकडे तसला मोबाईल नाही. ते म्हणाले, "बरं केलंस." थोड्या वेळानं म्हणाले, "चा घेशील?"

नाशिकच्या कॉलेजच्या अर्जात एकच प्रश्न होता, तुमच्या घरातल्या एका जागेबद्दल लिहा.

मी आपल्या जिन्याबद्दल लिहिलं. अकरावीत मी टेप घेऊन त्याच्या पायऱ्या मोजल्या होत्या, आठवतं? सगळ्या सात इंच आणि सगळ्यांत खालची चार. येणारा प्रत्येक पाहुणा तिथे अडखळतो. मी तुम्हाला म्हटलं होतं, अण्णा, एवढी घरं बांधता आणि स्वतःच्या घरात माप चुकलं. तुम्ही हसून म्हणालात, "चुकलं आसंल."

निबंधात मी लिहिलं की माझ्या वडिलांचं आयुष्यात एकच माप चुकलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मला ते चांगलं वाटलं होतं. पण या वेळी मी पाठवण्याआधी आईला वाचून दाखवलं.

आई ऐकून म्हणाली, "चुकलं न्हाई ते."

जिना झाला तेव्हा खाली मातीची जमीन होती, तिनं सांगितलं. मी रांगायला लागले तो हिवाळा होता. गारठ्यानं माझी छाती सारखी भरायची. मग तुम्ही कामावरून आल्यावर रोज थोडं थोडं करत खाली मुरूम टाकून वर शहाबादी फरशी बसवलीत. जमीन तीन इंच वर आली आणि पायरी तेवढी बुडाली.

मी विचारलं, मग अण्णांनी मला का नाही सांगितलं?

"मी म्हनलं हुतं त्यांला, सांगा तिला. तर म्हनले, माप घ्यायला शिकलीया, घिऊ दे."

मी निबंध पुन्हा लिहिला. त्यात काही वाढवलं नाही. तुम्ही वारलात हेसुद्धा शेवटी एका ओळीत आलं, तेही क्रियापद भूतकाळात का आहे ते कळावं म्हणून. प्रवेश परीक्षेचे मार्क बरे होते. दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं.

काल नाव नोंदवताना खिडकीतल्या मॅडमनी फॉर्म तपासला. वडिलांच्या नावापुढे मी कैलासवासी लिहिलं होतं आणि व्यवसायापुढे गवंडी. त्या म्हणाल्या, वडील नाहीत ना, मग व्यवसायाचा रकाना रिकामा सोडला तरी चालतो. त्यांनी पांढरा फ्लुइड पुढे केला. मी म्हटलं, राहू द्या. त्या म्हणाल्या, अगं, नियमानं लागत नाही. मी म्हटलं, लागत नसलं तरी राहू द्या, ते गवंडीच आहेत. मी 'आहेत' म्हणाले, ते मला बाहेर आल्यावर कळलं. मागे रांग होती. मॅडमनी शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

 त्या वेळी वाटलं, आता रडू येईल. जिन्यात जाऊन उभी राहिले, तोंड भिंतीकडे करून. थोडा वेळ थांबले. आलं नाही. मग आई शोधत आली आणि आम्ही बस स्टँडवर गेलो.

अण्णा, एवढं कबूल करते. तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर जे झालं तेच सांगेन. आणि मला जे वाटत नाही, ते वाटतंय असं पुन्हा कधी लिहिणार नाही, कशासाठीही नाही. रडू आलं तर त्या दिवशी तुम्हाला कळवीन. नाही आलं, तरी कळवीन.

तुमची,
प्रतीक्षा